घरच्या कामांची तार

आमच्या दुकानात आजवर कुणाचा नंबर चुकलेला नाही. चौतीस वर्षं मी हे बघत आले आहे, आणि चौतीस वर्षं याच एका गोष्टीवरून ह्यांच्याशी भांडत आले आहे.

आमचे हे बाइंडर. सुटलेली, फाटलेली, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं बांधून देतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. पानांचे घडी घातलेले गठ्ठे, ज्यांना आम्ही फर्मे म्हणतो, ते सुईदोऱ्याने शिवायचं काम माझं. पुठ्ठा, कापड, खळ आणि दाबयंत्र त्यांचं. काम आलं की हे एक चिठ्ठी लिहिणार, तिच्यावर आल्याची तारीख घालणार आणि दाबयंत्रामागच्या तारेत ओवणार. काम संपलं की झाल्याची तारीख घालून चिठ्ठी शेजारच्या तारेत. मधे कोणी घुसायचं नाही. एकदा एक वकीलसाहेब गाडी दारात चालू ठेवून आत आले आणि आजच्या आज बांधून हवं म्हणाले. ह्यांनी वर न बघता सांगितलं, "गाडी बंद करून या. तुमच्या आधी अकरा आहेत." आमच्या लेकीच्या लग्नाचा अल्बमही त्याच तारेत लटकला होता. तो तिच्या पहिल्या बाळाच्या आधी तयार झाला, एवढंच त्याबद्दल चांगलं बोलता येईल.

घरच्या कामांसाठी वेगळी, आखूड तार होती. नळ गळतोय, कपाटाचं बिजागर निखळलंय, खुर्चीचा पाय हलतोय. मी तोंडाने सांगायची, हे चिठ्ठी लिहायचे. दुकानात निदान दहा कामं एकदम चालत; घरात मात्र पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लागत नसे. "घरात दोन कामं एकदम काढली की दोन्ही अर्धवट राहतात," असं त्यांचं म्हणणं. मी ती तार कधी वाचायला गेले नाही. एक तर ह्यांचं अक्षर मुंगीएवढं, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा ओवायचा तरी ह्यांना हाक मारावी लागायची.

दोन वर्षांपूर्वी हे दर तासाला काम सोडून उठायला लागले. विचारलं तर म्हणायचे, पाणी जास्त होतंय. मग एक दिवस न सांगता दवाखान्यात जाऊन आले, आणि त्यानंतर आठवडाभराने आणखी एकदा. त्या दुसऱ्या खेपेनंतर दोन दिवस उशी घेऊन बसत होते. पाठ धरली म्हणाले. पाठ धरल्यावर माणूस उशी पाठीला घेतो, बुडाखाली नाही, एवढं मला कळत होतं. पण पुरुषांचा आजार, मी तरी किती खोदून विचारणार? शेवटी रिपोर्ट आला त्या दिवशी ह्यांनी खळीचा ब्रश धुताधुता सांगितलं.

"बायोप्सी केली होती. प्रोस्टेटची."

"ते काय असतं?"

"गाठ असते पुरुषांना खाली. सुईने बारा ठिकाणचे तुकडे काढले. दोनांत सापडलं."

"काय सापडलं?"

"तेच."

"कॅन्सर?"

"तेच म्हणतोय ना."

ब्रश कधीच स्वच्छ झाला होता, तरी हे धूत होते. मी घाबरले की जास्तच बोलते. मी विचारलं, रिपोर्टमधे लिहिलंय तरी काय? म्हणाले, तीन अधिक चार, सात. मी विचारलं, कितीपैकी? म्हणाले, दहापैकी. मी म्हटलं, "चला, पास तरी झालात. सातवीत गणितात नापास झालेला माणूस!" आणि हसले. हे पण थोडे हसले. मग हळूच म्हणाले, "यात कमी पडले तर बरं असतं गं."

ते हसणं मला अजून टोचतं.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा तीन रस्ते सांगितले होते. ऑपरेशन करून गाठ काढून टाकायची. मग काही महिने लघवी आवरत नाही, आणि नवरा-बायकोतलं काही उरेल याची खात्री नाही. नाहीतर सात-आठ आठवडे रोज जाऊन रेडिएशन घ्यायचं. नाहीतर, आजार अजून गाठीतच आहे, थोडाच आहे, तर सध्या हात न लावता नजर ठेवायची. दर तीन महिन्यांनी रक्त तपासून त्यातला आजाराचा आकडा बघायचा, वर्षाने पुन्हा बायोप्सी. एकही तारीख चुकवायची नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. ह्यांनी तिसरा रस्ता घेतला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ऑपरेशन नको, रोजची ये-जा नको, घर होतं तसंच राहणार. तीन महिन्यांनी हे जाऊन आले, आकडा जागच्या जागी आहे म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. मग तो विषय मागे पडला.

विषय मागे पडला, कारण माझा डोळा पुढे आला. त्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटांचं काम, कुणालाच काही वाटत नाही म्हणतात. मला वाटलं. तोंडावर कापड, डोळ्यात दिव्याचा झोत, आणि डोळ्यांचा डॉक्टर शेजारच्या नर्सला आपल्या घराला कोणता रंग देतोय ते सांगत होता. बाहेर आल्यावर मी ठरवून टाकलं, डावा डोळा मेल्यावर माझ्याबरोबर जाऊ दे. डॉक्टरने महिन्याने यायला सांगितलं होतं. महिन्याने मला सर्दी झाली. मग ग्रंथालयाची एकशे वीस पुस्तकं बांधायला आली. मग लेकीचं दुसरं बाळंतपण. हे मधूनमधून विचारायचे, "डोळ्याचं काय करायचं?" मी म्हणायची, बघू. एरवी एक गोष्ट दुसऱ्यांदा न विचारणारा माणूस, पण या डोळ्यासाठी माझ्या मागेच लागला. एकदा मी भडकले. म्हटलं, "डोळा माझा आहे. माझं मी बघेन, तुम्ही तुमचं बघा!"

ह्यांनी पुठ्ठ्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. मग "बरं" म्हणाले आणि पुठ्ठा कापायला लागले.

त्याच सुमारास बाथरूमच्या दाराची कडी तुटली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठवड्याने सांगितलं. हे म्हणायचे, तिचा नंबर आलेला नाही. दोन स्क्रू बसवायचे, त्याला नंबर कसला? शेवटी मी बाइंडिंगची पट्टी घेऊन दार खिळ्याला बांधायला सुरुवात केली. लेकीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा म्हातारे झाले गं. वर्ष झालं, घरातल्या एका कामाला हात लागलेला नाही." लेक म्हणाली, "आई, तूच बसव ना." मला राग आला, म्हणून मी बसवली नाही.

शेवटी डावा डोळा इतका गढूळ झाला की एका वहीत मी फर्मे उलटसुलट शिवले. ह्यांनी न बोलता सगळा दोरा उसवला. मला इतकं लाजल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून म्हटलं, चला, करून टाकू. वर्षभरानंतर. ऑपरेशन झालं. सहा आठवडे दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते; हे घड्याळ लावून घालायचे, हाताची खळ खसाखसा धुऊन. वाकायचं नाही म्हणून भात-भाजी त्यांनीच केली, केर त्यांनीच काढला. थेंब संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि "जाऊन येतो" म्हणून गेले.

रक्ताचा आकडा आधी नऊ होता. आता एकसष्ट आला.

पुढचं सगळं पंधरा दिवसांत झालं. पुन्हा बायोप्सी, हाडांचा स्कॅन. या वेळी मी हटून बरोबर गेले. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला ओढून घेतली, तेव्हाच मी काय ते समजले.

"काका, मागच्या वेळी बारापैकी दोन तुकड्यांत होतं. या वेळी नऊमधे आहे," त्या म्हणाल्या. "आणि आकडा आलाय चार अधिक पाच, नऊ."

"मला ते आकडे एकदा नीट सांगा बाई," मी म्हटलं. "ह्यांनी सांगितलं होतं, पण मला कळलं नव्हतं."

त्यांनी कागद घेतला. म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून तीन, चार, पाच असे आकडे देतात. सगळ्यात जास्त ज्या जातीच्या दिसतात त्यांचा आकडा पहिला, मग दुसरा. तीन म्हणजे बिघडल्यात, पण अजून आपली ठेवण धरून आहेत. चार म्हणजे एकमेकींत मिसळायला लागल्यात. पाच म्हणजे ठेवणच उरली नाही.

हे कागदावर वाकले. म्हणाले, "तीन म्हणजे पानं सैल झाली, पण फर्मा कळतो. पाच म्हणजे लगदा."

"हो काका. तसंच."

मग बाईंनी स्कॅन दाखवला. कमरेच्या हाडात आणि दोन बरगड्यांत काळे ठिपके होते. आजार गाठीच्या बाहेर पडला होता, त्यामुळे आता गाठ कापून काढण्यात अर्थ नव्हता. तो रस्ता बंद. आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन; पुरुषांच्या ज्या हार्मोनवर हा आजार पोसतो ते तोडण्यासाठी. बरोबर रोजच्या गोळ्या. ताकद असेल तर केमोचे सहा डोस. हाड फारच दुखलं तर तिथपुरतं रेडिएशन. अंगातून गरम वाफा निघतील, थकवा येईल, छाती थोडी सुजेल, उगाच रडू येईल.

"त्याने बरे होतील?" मी विचारलं.

"आवरता येईल, काकू. बरं होणार नाही."

"किती वर्षं?"

"काहींना दोन, काहींना खूप जास्त. आकडा सांगून मी तुम्हाला फसवणार नाही." मग त्यांनी जुनी फाइल उघडली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "काका, तुम्ही एकदाच येऊन गेलात. नंतर चौदा महिने कुठे होतात?"

"कामं होती, बाई," हे म्हणाले.

"तेव्हा आले असते तर?" मी विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत. कदाचित पहिल्याच वेळी सुई बरोबर जागी पडली नसेल. पण तेव्हा आपल्याकडे निवड होती."

घरी येईपर्यंत मी दम धरला. घरी आल्यावर बोलले. कसली कामं? कुणाची? ग्रंथालयाची एकशे वीस पुस्तकं जिवापेक्षा मोठी होती? वकिलाला दारातून परत पाठवणारा माणूस, स्वतःसाठी अर्धा दिवस दुकान बंद ठेवता येईना? हे खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होते. सुटलेली नाडी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. म्हणाले, "झालं ते झालं. पडतो जरा." लेकीचा फोन आला. रडली, आणि रडता रडता म्हणाली, "आई, तू कसं लक्ष दिलं नाहीस?" मी फोन ठेवून दिला.

हे मागे झोपले होते. मी दुकानात गेले. माझ्या नवऱ्याचा नंबर कुणी खाल्ला ते मला बघायचंच होतं. पूर्ण झालेल्या कामांची तार खिळ्यावरून काढली, टेबलावर घेतली आणि एकेक चिठ्ठी वाचू लागले. आता दोन्ही डोळ्यांना लख्ख दिसत होतं. शाळेची रजिस्टरं, चार दिवस. कुणाच्या आजोबांचा शब्दकोश, नऊ दिवस. ग्रंथालयाची पुस्तकं, वीस-वीसच्या गठ्ठ्यांत, मधे मधे इतरांची कामं. मधे मोकळे दिवसही होते, कितीतरी. एका महिन्यात तर नुसत्या सहा चिठ्ठ्या. म्हणजे काम आडवं आलंच नव्हतं. मग काय आलं होतं? तार परत अडकवताना बाजूची आखूड तार हाताला लागली.

घरची तार. सगळ्यात वर होती ती सगळ्यात अलीकडे झालेली चिठ्ठी. "बाथरूमची कडी." खाली झाल्याची तारीख, मागच्या आठवड्याची. मी चमकले. मागच्या आठवड्यात ह्यांनी कडी बसवली होती खरी, कुणी न सांगता, हाडांच्या स्कॅनला जायच्या आदल्या सकाळी. माझं लक्षच नव्हतं. मी तीन दिवस दार पट्टीनेच बांधत होते.

तिच्या खालची चिठ्ठी: "स्वतः. रक्त तपासणी. डॉक्टरीणबाई."

तिच्या खालची: "हिचा डावा डोळा."

मी खुर्चीत बसले. दोन्ही चिठ्ठ्यांवरच्या तारखा बोट ठेवून वाचल्या. माझ्या डोळ्याची चिठ्ठी आधी आलेली होती, बावीस दिवस आधी. झाल्याची तारीख थेंब संपले त्या दिवसाची. त्यांची चिठ्ठी झाली दुसऱ्या दिवशी. मधे काहीही नव्हतं. नळ नाही, बिजागर नाही, खुर्ची नाही. चौदा महिने सगळी तार माझ्या डोळ्यामागे थांबून राहिली होती, आणि कडीसुद्धा.

डोळ्याचं काय करायचं, असं ते विचारत होते. मी सर्दी सांगत होते.

राग आधी त्यांचाच आला. असा कसा हा माणूस? चिठ्ठी लिहिता येते, तोंडाने सांगता येत नाही? मग तो राग कुठे गेला कळलं नाही, आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले. खळीचा वास येत होता. ह्यांच्या शर्टाला येतो तोच.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. हातात नंबराचा कागद. भिंतीवरच्या पाटीवर आकडे बदलत होते. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, आजारी माणसाला आता काय बोलायचं. पण मला कुठे राहवतंय.

"माझा डोळा आधी कशाला धरलात?"

हे आपल्या बुटांकडे बघत राहिले. मी तार वाचली हे त्यांना लगेच कळलं.

"तुझा आधी आला होता."

"अहो, मोतीबिंदू होता तो! वर्षभर थांबला असता!"

"थांबलाच की."

मी नंबराच्या कागदाची घडी घातली. समोरून एक बाई चाकाची खुर्ची ढकलत गेली. ती वळेपर्यंत हे तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तपासणीत काही निघालं असतं तर मला कापलं असतं. मी लघवीची पिशवी लावून पडणार, आणि तुला एका डोळ्याने धड दिसत नाही. दोघं एकदम आजारी पडून कसं चालेल? आधी तुझं उरकू म्हटलं."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू भिऊन ऑपरेशन केलं असतंस. भीतीने करू नयेस असं वाटलं." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "आणि खरं सांगू? मलाही भीती वाटत होती. पुढे तुझी चिठ्ठी आहे, म्हणजे आपल्याला जायला नको, असं पण वाटायचं. बरं वाटायचं त्याने."

मी त्यांचा हात धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता. बोटांच्या पेरांवर पुठ्ठा कापून कापून घट्टे पडलेत, ते मला अंधारातही ओळखू येतील.

तेवढ्यात पाटीवर सतरा आकडा आला. आमचा अठरा. सतरा नंबरचे गृहस्थ मघाशी काठी टेकत बाथरूमकडे गेले होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. नर्सने दोनदा नंबर पुकारला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "अठरा आहेत का? अठरा या."

हे उठले नाहीत. "सतरा येतीलच आता," त्यांनी नर्सला सांगितलं. "आमच्या आधी आलेत ते. थांबू आम्ही."

"तुम्ही या हो काका, ते आले की त्यांना घेते."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. त्यांचा नंबर..."

"उठा," मी म्हटलं.

"अगं, पण..."

"उठा म्हणते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. किती हलके झाले होते! दारापर्यंत ढकलतच नेलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच आम्ही कुणाचा तरी नंबर खाल्ला.

हे आत गेले. जाता जाता त्या रिकाम्या खुर्चीकडे दोनदा वळून बघत होते.